ताण

साकोलीच्या दुकानात गोवर्धनने तीन ट्रायपॉड मांडले
काउंटरवर, लग्नाला लवकर आलेल्या पाहुण्यांसारखे.
पहिला साडेसहाशेचा. पाय ओढले तर
नुकतं जन्मलेलं वासरू उभं राहिलं.
"मोबाइलले चालते जी."
मोबाइलला चालेल. माझा कॅमेरा पाऊण किलोचा,
लाखांदूरच्या व्हिडिओवाल्याकडून घेतलेला, तिसऱ्या हाताचा.
पट्ट्यावर कोणाच्या तरी हळदीचा डाग आहे, निघत नाही.

तिसरा सात हजारांचा. त्याला मी हात लावला नाही.

मधला अकराशे ऐंशी.
डोक्यावर तळहात ठेवून दाबला,
मग पिळून पाहिला, मग मांडीने ढकलला,
नवा खांब गाडल्यावर खांदा लावून ढकलतो तसा.
"बैल पाहून राह्यला का जी?" गोवर्धन म्हणाला.

एकवीस वर्षं खांब उभे करतो मी.
उभं राहणं काय असतं ते मला विचारा.
जाड नळ्या आधी उघडायच्या, बारीक मग, लागल्या तरच.
मधला दांडा खालीच ठेवायचा.
तो वर काढला की उंची येते
आणि उंचीबरोबर थरथर.
आणि दांड्याच्या बुडाला आकडा हवा,
वजन लटकवायला.
आकडा!
आयुष्यभर गावातले आकडे उतरवत आलो,
शिव्या खाल्ल्या त्यापायी, एकदा काठीही.
हा पहिला, जो पैसे मोजून घेतला.
त्याला माझी हत्यारांची पिशवी बरोबर बसते,
पक्कड, पाने, फ्यूजची तार, चार किलो.

रिमोट दोन. बिनतारी साडेपाचशे, तारेचा एकशे नव्वद.
"आता तारेचा कोन घेते?"
मी वर पाहिलं. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता.
तोही पाहायला लागला, मग काही बोलला नाही.
पिन तिथेच लावून पाहिली.
पहिली बसली नाही. दुसरी बसली,
टक्.

हात न लावण्याचं शिक्षण मला फुलीचंद मेश्रामांनी दिलं.
डाव्या हाताला तीनच बोटं,
त्यांनीच ते चहाचा कप धरायचे, सिगरेट धरायचे,
आणि मला दाखवायचे, वर, तारेकडे:
"मेली म्हनते, तं पहिले मेली का पाय.
मंग बी हात नोको लावू."
बटणावर बोट टेकलं तरी कॅमेरा हलतो,
एवढुसाच.
चांदणीचा नाश व्हायला एवढुसा पुरतो.

"तेराशे सत्तर?" यशोधरा म्हणाली.
"तीन पायाचं जनावर. दूध देते का?"

मग एका मंगळवारी अकरा वाजता वरूनच फीडर गेला.
माझ्या हातात काही नव्हतं; गावाला ते पटत नाही.
बारा गावांत दिवा नाही.
मी तलावाच्या पाळीवर.
तीन पाय मुरमात रोवले, पिशवी अडकवली,
वारा होता म्हणून ती पायाला टेकवून ठेवली, डोलू नये.
खिशात फोन वाजायला लागला.
सरपंच. राइस मिलवाला. पुन्हा सरपंच.
उजेड फोटोत जाईल म्हणून
फोन टोपीत गुंडाळून दगडाखाली ठेवला.
दगडाखाली सरपंच गुरगुरत राहिले.

तीस सेकंद.
हातात तार, आणि तारेत काही नाही.
अशी तार मी पहिल्यांदाच इतकी निवांत धरली.

फोटोत पाणी आहे, मोह आहे, माझे पाच खांब आहेत.
कुठे काही हललेलं नाही.
चांदण्या तेवढ्या सरकल्यात,
तांदळाच्या कणीएवढ्या,
त्यांना कोण थांबवणार.

सकाळी यशोधराने छोट्या पडद्यावर
डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.
मी वाट पाहत होतो.
"तिसरा खांब वाकडा हाय," ती म्हणाली.

मोठा करून पाहिला.
आहे खरा. तळ्याकडे झुकलाय, चांगला वीतभर.
रोज त्याच्या खालून जातो मी.

शिडी काढली. आज ताण ओढून येतो.